शेतजमिनीचं ताजं उपग्रह-चित्र ऑनलाइन कुठे बघायचं?

सीनाकाठ
माढा तालुक्यात सीनेच्या काठाला सहा एकर आहे, राहायला ठाण्यात. सप्टेंबर 2025 च्या पुरात नदीकडची साधारण दीड एकर जमीन खरडून गेली असं वाटेकरी सांगतात. गूगल मॅप्सवर तिथे अजून हिरवंगार शेत दिसतंय आणि खाली कोपऱ्यात मात्र चालू वर्ष छापलंय. मग हे चित्र नेमकं कधीचं? पुरानंतरचं चित्र फुकटात बघायला मिळतं का? जमल्यास गटाची हद्दही त्यावर हवी आहे. प्ले स्टोअरवरची 'लाइव्ह सॅटेलाइट' नावाची अ‍ॅप टाकून बघितली, सगळ्यांत तेच जुनं चित्र.

रानमोजणी
कोपऱ्यातलं वर्ष कॉपीराइटचं. दर जानेवारीला ते आपोआप बदलतं, चित्र काढल्याच्या तारखेशी त्याचा काही संबंध नाही. गूगल मॅप्स चित्राची तारीख दाखवतच नाही, त्यामुळे त्यावरून काही ठरवू नका.

संगणकावर गूगल अर्थ प्रो घ्या, फुकट आहे. शेत पडद्याच्या मधोमध आणा, कर्सर शेतावरच ठेवा आणि खालच्या पट्टीत 'इमेजरी डेट' वाचा. कर्सर शेतावर ठेवायला सांगतोय कारण एकाच शिवारात दोन वेगवेगळ्या तारखांच्या पट्ट्या जोडलेल्या असतात. अर्ध गाव एका डिसेंबरचं आणि ओढ्यापलीकडचं दुसऱ्याच वर्षाच्या मार्चचं, असं सर्रास दिसतं. फार वरून बघाल तर जुळवलेलं ढगविरहित चित्र दिसतं, तिथली तारीख निरुपयोगी. झाडं सुटी-सुटी दिसतील इतकं खाली या, मग वाचा. संगणकाच्या सेटिंगप्रमाणे तारखेत महिना आधी येऊ शकतो, तेवढं ताडून घ्या.

आता मुख्य गोष्ट. वरच्या पट्टीतलं घड्याळाचं चिन्ह दाबा, जुन्या चित्रांचा स्लायडर उघडेल. तो अगदी उजवीकडे ओढा. बऱ्याच ठिकाणी नेहमीच्या दृश्यापेक्षा स्लायडरच्या टोकाला जास्त ताजं चित्र असतं, कारण गूगल नेहमीच्या दृश्यात स्वच्छ चित्राला पसंती देतं आणि थोडं धुरकट पण नवं चित्र मागच्या कप्प्यात टाकतं.

तिरकसराव
'लाइव्ह सॅटेलाइट' अ‍ॅप काढून टाका. गूगलचा किंवा दुसऱ्या कुणाचा तरी नकाशा घेऊन त्यावर जाहिराती चिकटवलेल्या असतात. आपल्याला बघता येणारं खरोखर जवळपास लाइव्ह म्हणजे हवामान उपग्रहांचं, आपल्याकडे इन्सॅटचं चित्र. ते अर्ध्या तासाला नवं येतं खरं, पण त्याचा एक ठिपका सर्वांत बारीक म्हणजे 1 किलोमीटरचा. त्यात तुमचं अख्खं गाव दोन-तीन ठिपक्यांत संपेल.

निळा_ठिपका
गूगलच्या जोडीला एस्री या नकाशा-कंपनीचं 'वर्ल्ड इमेजरी वेबॅक' बघा. ब्राउझरमध्येच चालतं, खातं लागत नाही. एस्रीच्या उपग्रह-नकाशाच्या 2014 पासूनच्या आवृत्त्या तिथे ठेवल्या आहेत. डावीकडे तारखांची लांबलचक यादी येईल. तिच्यातला 'फक्त इथे बदल झालेल्या आवृत्त्या दाखवा' या अर्थाचा चौकोन आधी टिचका, म्हणजे शंभरावर नोंदींच्या पाच-सात होतील.

मात्र यादीतली तारीख आवृत्ती प्रसिद्ध झाल्याची आहे. चित्र त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचंही असतं. शेतावर क्लिक केलं की छोटी चौकट उघडते आणि तिच्यात चित्र घेतल्याची तारीख, पुरवठादार आणि रिझोल्यूशन (एक ठिपका किती मीटरचा) येतं. खरी तारीख तीच. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या 'आधी आणि नंतर' चित्रांमधले निम्मे घोळ या दोन तारखांची गल्लत केल्याने होतात.

सीनाकाठ
दोन्ही बघितलं. गूगलमध्ये स्लायडरच्या टोकाला 2024 चं आहे, वेबॅकमध्ये त्याच्याही आधीचं. पुरानंतरचं कुठेच नाही.

रानमोजणी
अपेक्षितच होतं. पुणे, नाशिकसारख्या शहरांभोवती ही सुस्पष्ट चित्रं लवकर बदलतात. कोरडवाहू तालुक्यांत दोन-तीन वर्षं जुनं चित्र हीच सर्वसाधारण स्थिती. अर्ध्या मीटरचा तपशील आणि गेल्या आठवड्याची तारीख दोन्ही एकत्र फुकटात मिळत नाही, यातलं एक निवडावं लागतं. तुम्हाला तारीख हवी आहे, म्हणजे सेंटिनेल-2.

युरोपीय अवकाश संस्थेचे हे उपग्रह दर 5 दिवसांनी प्रत्येक शेतावरून जातात. जिथे दोन फेऱ्यांचे पट्टे एकमेकांवर येतात तिथे त्याहून लवकर. आपल्याकडे वेळ सकाळी अकराच्या आसपासची, आणि चित्र साधारण दिवसभरात संकेतस्थळावर चढतं. एक पिक्सेल, म्हणजे चित्राचा एक ठिपका, 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे एक आर, जवळपास एक गुंठाच. तुमच्या सहा एकराचे सुमारे 243 पिक्सेल, खरडलेल्या दीड एकराचे साठेक. एवढ्यावर काम भागतं. विहीर, बांध, झाड यातलं काही दिसणार नाही.

कसं बघायचं ते सांगतो. 'कोपर्निकस ब्राउझर' हे या उपग्रहांच्या चित्रांचं फुकट संकेतस्थळ उघडा. शोधाच्या चौकटीत गावाचं नाव टाकू नका, एका नावाची चार गावं निघतात. गूगल अर्थमधून शेताचे अक्षांश-रेखांश दशांशात घ्या आणि तेच टाका. 'व्हिज्युअलाइज' टॅबमध्ये सेंटिनेल-2, त्यातही एल-2-ए निवडा. त्यात वातावरणाचा धूसरपणा वजा केलेला असतो. मग दिनदर्शिका उघडा, चित्र असलेल्या तारखा ठळक दिसतील.

इथे बहुतेक जण अडकतात ते ढगांच्या टक्केवारीवर. ती मर्यादा 100 वरच ठेवा. तो आकडा सुमारे 100 किलोमीटर बाजूच्या अख्ख्या चौकोनाचा असतो, तुमच्या शेताचा नसतो. 20 टक्के लावलं की 70 टक्के ढग पण तुमच्या गावावर लख्ख ऊन अशी तारीख गाळली जाते, आणि पावसाळ्यात नेमक्या अशाच तारखा कामाच्या असतात. उलट 5 टक्केवाल्या चित्रात तो एकच ढग तुमच्या शेतावर बसलेला असू शकतो.

गुंठा_गुंठा
ढगाची सावलीही बघा. ढग कापसासारखा पांढरा, लगेच कळतो. सावली मात्र काळ्या रानात मिसळून जाते आणि पाणी साचल्यासारखी वाटते. जवळच तेवढ्याच आकाराचा ढग आहे का ते बघितलं की उलगडतं. अकराचं ऊन आग्नेयेकडून येतं, त्यामुळे सावली ढगाच्या वायव्येला पडते. फक्त ऐन उन्हाळ्यात सूर्य जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा ती दिशा नीट ठरत नाही.

सीनाकाठ
सापडलं! ऑगस्टमधल्या एका तारखेला सगळं हिरवं आहे, ऑक्टोबरात नदीकडची बाजू फिकट तपकिरी. हीच खरडलेली जमीन धरायची का?

रानमोजणी
इतक्यात धरू नका. ऑगस्टात हिरवं आणि ऑक्टोबरात तपकिरी हे सोयाबीन किंवा उडीद काढल्यावरही होतं. पीक पाण्यात कुजलं असेल आणि माती जागेवर असेल तरी तसंच दिसेल. माती गेली की नाही हे उघड्या जमिनीची उघड्या जमिनीशी तुलना केल्यावरच कळतं. पुराच्या आधीच्या मे महिन्यातलं चित्र घ्या आणि पुरानंतरच्या पहिल्या एप्रिल-मेमधलं. दोन्हींत रान मोकळं आणि कोरडं असतं. ओली काळी माती नुसत्या ओलीने गडद दिसते आणि वाळली की उजळते, म्हणून वळवाचा पाऊस झाल्याच्या दोन दिवसांतली तारीख टाळा.

माती खरडून खालचा मुरूम उघडा पडला असेल तर ठिपके तांबूस-पिवळट होतात. वाळू येऊन बसली असेल तर जवळजवळ पांढरे, नदीपात्रातल्या वाळूच्याच रंगाचे. पात्रातला वाळूचा पट्टा आणि तुमचा पट्टा शेजारी ठेवून रंग जुळतो का बघा. नुकसानभरपाईत खरडून जाणं आणि गाळ-वाळू बसणं या वेगळ्या बाबी आहेत, त्यामुळे हा फरक नुसता शास्त्रापुरता नाही.

उन्हाळ्यापर्यंत थांबायचं नसेल तर शेजारच्या, नदीपासून लांबच्या रानाशी तुलना करा. तिथे रब्बीची ज्वारी उगवून डिसेंबरात हिरवं झालं आणि तुमचा नदीकडचा पट्टा तसाच फिका राहिला, तर संशय पक्का होत जातो. पण वाटेकऱ्याने तिथे पेरलंच नसेल तरी तो फिका राहील. ते त्यांनाच फोन करून विचारा, उपग्रह सांगणार नाही.

पाणलोट_ताई
खऱ्या रंगापेक्षा 'फॉल्स कलर' थर लावा. त्यात जिवंत पीक लाल, पाणी काळं-निळसर आणि उघडी जमीन राखाडी-हिरवट दिसते. नदीने काठ किती खाल्ला ते त्यात स्वच्छ कळतं, कारण जवळच्या अवरक्त (डोळ्याला न दिसणाऱ्या) पट्ट्यात पाणी प्रकाश शोषून घेतं आणि काठाची रेघ उठून दिसते. तुलनेसाठी दोन्ही तारखा 'कंपेअर' मध्ये टाका आणि मधली पट्टी सरकवा. डोळ्याने दोन टॅब आलटून-पालटून बघण्यात दहा मीटरची सरक लक्षात येत नाही.

एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा आकडा, बघणार असाल तर साधारण अंदाज असा: उघडी जमीन 0.1 ते 0.2, भरलेला ऊस 0.7 च्या पुढे. पण तो आकडा पीक आणि तण यांत फरक करत नाही. पुरानंतर पडीक राहिलेल्या रानात काँग्रेस गवत माजलं की तिथेही छान हिरवा आकडा येतो.

कडेचे पिक्सेल सोडून द्या. एका एकराच्या चौकोनी रानाची बाजू 64 मीटर, म्हणजे सहा पिक्सेल. कडेच्या पिक्सेलमध्ये निम्मा बांध, निम्मा शेजारी. शुद्ध तुमचे असे मधले सोळाच उरतात. चिंचोळ्या, वीस मीटर रुंदीच्या पट्टीला तर एकही शुद्ध पिक्सेल मिळेल याची खात्री नाही. शेततळ्याचंही तेच, 30 बाय 30 चं तळं म्हणजे नऊ ठिपके, भरलेलं असेल तर दिसतं. 15 बाय 15 चं असेल तर नाद सोडा.

वऱ्हाडी_नकाशा
आणि ऐन पुराच्या दिवसाचं पाहिजे असंन तर सेंटिनेल-1. रडार आहे, ढगातून पार दिसते, रात्रीही चालते. 'व्हीव्ही' नावाच्या रडार-थरात सपाट पाणी काळं कुळकुळीत येते. दोन ठिकाणी फसवते. वारा सुटून पाण्यावर लाटा असल्या तर पाणी उजळ दिसते, अन् उभ्या उसात शिरलेलं पाणी कधी काळं न दिसता उलट जास्तच उजळ येते. पुराच्या आधीच्या फेरीचं चित्र शेजारी ठेवल्याशिवाय वाचू नका.

देशी_उपग्रह
सगळे युरोपचंच सांगताय. इस्रोचं काय? भारतीय अवकाश धोरण 2023 नुसार 5 मीटर आणि त्याहून जाड तपशिलाचा डेटा सगळ्यांना मोफत आहे. इस्रोच्या हैदराबादमधल्या एनआरएससी केंद्राच्या 'भूनिधी' पोर्टलवर खातं काढा, रिसोर्ससॅट उपग्रहाचा लिस-4 कॅमेरा निवडा. पिक्सेल 5.8 मीटरचा, म्हणजे सेंटिनेलच्या एका ठिपक्यात याचे जवळपास तीन बसतात. पंधरा-वीस मीटरच्या पट्ट्यांना फरक पडतो.

इस्रोच्याच 'भुवन' संकेतस्थळावर नुसतं बघायला जाल तर निराश व्हाल. तिथला पायाचा नकाशा जुना आहे. ताजं हवं तर भूनिधीतून फाइल उतरवूनच घ्यावी लागते.

निळा_ठिपका
खरं आहे, पण नवख्याला पुढचं सांगा. लिस-4 मध्ये हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त असे प्रकाशाचे तीनच पट्टे (बँड) आहेत. निळा नाही, त्यामुळे डोळ्याला दिसतो तसा रंग त्यातून निघतच नाही. झिपमध्ये बँड 2, 3, 4 अशा तीन वेगळ्या फाइल येतात. क्यूजीआयएस या फुकट नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये 'बिल्ड व्हर्च्युअल रास्टर' ने 'प्रत्येक फाइल वेगळ्या पट्ट्यात' हा पर्याय ठेवून त्या एकत्र करा. मग लाल जागी बँड 4, हिरव्या जागी 3, निळ्या जागी 2 लावा. सुरुवातीला चित्र काळं दिसेल. फाइल खराब नाही, फक्त कमाल-किमान मर्यादा 2 ते 98 टक्क्यांवर आणा. आणि एका उपग्रहाची फेरी 24 दिवसांची असते, तेव्हा पावसाळ्यात ढगाने एक तारीख खाल्ली की महिना गेला.

सीनाकाठ
आता हद्दीचं सांगा. सरकारी महाभूनकाशा संकेतस्थळावर गट दिसतो, पण तो उपग्रह-चित्रावर कसा बसवायचा?

कोकणी_सर्व्हेअर
आधी हे समजून घ्या की त्या नकाशावरच्या रेघा कागदी गावनकाशावरून संगणकात आल्या आहेत. कागद आकसलेला, घडी पडलेला असतो. पोटहिश्शांच्या रेघाही अनेकदा नसतात. सातबारा 124/2 चा असला तरी नकाशात अख्खा 124 येतो. नदीकाठी आणखी एक, नकाशातली नदीची रेघ मोजणी झाली तेव्हाच्या काठाची. आजची नदी तिच्यावर बसली नाही म्हणून नकाशा ओढून-ताणून नदीला जुळवू नका, इतर सगळ्या हद्दी बिघडतील.

गटाचा नुसता अहवाल घेऊ नका, आजूबाजूचे आठ-दहा गट दिसतील असं चित्र घ्या. क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये, म्हणजे चित्र जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवणाऱ्या साधनात, टाका. खुणेचे बिंदू निदान सहा, शेताच्या चारी बाजूंना पसरलेले: गाडीवाटांचा तिठा, गावठाणाचा कोपरा, तीन गट मिळतात तिथला बांधाचा सांधा. ओढा आणि नदी खुणेला घेऊ नका. पद्धत 'हेल्मर्ट' निवडा. ती नकाशा फक्त फिरवते, सरकवते आणि लहान-मोठा करते. 'थिन प्लेट स्प्लाइन' ने सगळे बिंदू हुबेहूब बसतात आणि चूक शून्य दिसते, पण चुकीचा बिंदूही तितकाच हुबेहूब बसतो आणि तुम्हाला कळत नाही. हेल्मर्टमध्ये एखाद्या बिंदूची चूक बाकीच्यांपेक्षा फार जास्त आली की तोच काढून बघायचा. प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) माढ्याला यूटीएम 43 उत्तर, क्यूजीआयएसच्या यादीत तिचा क्रमांक ईपीएसजी 32643. रेखांश 78 च्या पूर्वेला, नागपूर-चंद्रपूरकडे, 44 उत्तर, 32644.

मग गटाची कड गिरवून केएमएल (नकाशावरची रेघ साठवणारी फाइल) करा. तीच फाइल गूगल अर्थमध्ये उघडते आणि कोपर्निकस ब्राउझरमध्येही चढवता येते. क्षेत्रफळ सातबाऱ्याशी ताडा. 2-3 टक्के फरक चालेल, 10 टक्के आला तर खुणा पुन्हा तपासा.

गुंठा_गुंठा
गूगलचं चित्रही वर्षावर्षाला काही मीटर इकडेतिकडे सरकतं, डोंगरउतारावर जास्तच. स्लायडर हलवून एखाद्या विहिरीचं कठडं बघा, जागा बदलताना दिसेल. त्यामुळे 'शेजाऱ्याने माझा दोन मीटर बांध कोरला' हे उपग्रह-चित्रावरून कुणीही ठरवू नये. तिथे भूमी अभिलेखची मोजणी आणि 'क' प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), दुसरा मार्ग नाही.

सीनाकाठ
हे चित्र तहसीलला दिलं तर चालेल का?

तिरकसराव
तलाठ्याच्या टेबलावर रंगीत प्रिंट ठेवून 'उपग्रह म्हणतोय' असं सांगितलं की काय होतं ते बघायला मजा येईल.

रानमोजणी
पंचनाम्याच्या जागी चालणार नाही. पंचनाम्यात क्षेत्र कमी लागलं असेल तर अर्जाला जोड म्हणून उपयोगी पडतं. फक्त मोबाइलचा स्क्रीनशॉट देऊ नका, त्यात ना तारीख ना जागा. कोपर्निकस ब्राउझरमध्ये खातं काढून चित्र उतरवा आणि मथळा ठेवण्याचा पर्याय चालू असू द्या, म्हणजे उपग्रहाचं नाव आणि तारीख चित्रावरच छापून येते. ब्राउझरच्या पत्त्यात जागा, झूम आणि तारीख साठवलेली असते, तो पत्ता अर्जात लिहा. समोरच्याला तेच चित्र स्वतः उघडून बघता येतं. दोन्ही तारखांना झूम आणि चौकट तीच ठेवा, गटाची रेघ वरती असू द्या. प्रकरण कोर्टात गेलंच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, ते वकील बघतील.

पाणलोट_ताई
दीड एकरासाठी सुस्पष्ट उपग्रह-चित्र विकत घेण्याच्या भानगडीत पडू नका. बऱ्याच विक्रेत्यांकडे संग्रहातल्या चित्रालाही किमान 25 चौरस किलोमीटरची अट असते, म्हणजे सहा हजारांवर एकर. गावाने मिळून घेतलं तर गोष्ट वेगळी. ड्रोन स्वस्त पडेल.

कोकणी_सर्व्हेअर
ड्रोनवाल्याला विचारताना 'व्हिडिओ काढून द्या' म्हणू नका, 'ऑर्थोमोझेक' मागा, म्हणजे सगळे फोटो जोडून केलेलं मापाचं चित्र, जिओटिफ (जागेची माहिती आत असलेल्या) फाइलमध्ये. उंची 120 मीटर, पुढचा ओव्हरलॅप (एका फोटोवर पुढचा किती चढतो) 75 टक्के, बाजूचा 70. वीस मेगापिक्सेलच्या चांगल्या कॅमेऱ्याने पिक्सेल साडेतीन सेंटिमीटरच्या आत येतो. सहा एकर आणि भोवती पन्नास मीटर मोकळी कड धरली तर साठ-पासष्ट फोटोंत काम होतं. भोवतीची कड काटकसरीने गाळली की शेताच्या कडा वाकड्या येतात, तिथेच तर नदी आहे. उंचसखल मोजायचं असेल, म्हणजे किती फूट माती गेली, तर जमिनीवर पाच तरी चुन्याच्या फुल्या मारून त्यांचे आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) बिंदू घ्यायला सांगा. त्याशिवाय उंचीचा आकडा मीटरभर चुकतो आणि तुमचा सगळा प्रश्न तर त्या मीटरभरातच आहे. ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर जागा ग्रीन झोनमध्ये (वेगळ्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येतो त्या भागात) आहे का, हे आधी बघून घ्या.

वऱ्हाडी_नकाशा
अन् सरकारी योजनेतल्या ड्रोन दीदीले फोन करू नका, ते ड्रोन फवारणीचे आहेत. स्वामित्व योजनेचा ड्रोन-नकाशा आहे म्हणून कोणी सांगंन, तर तो गावठाणापुरता, शेतापर्यंत येत नाही.

सीनाकाठ
मे 2025 ची तारीख घेऊन ठेवली, गटाची रेघ बसवली. सात बिंदूंत एकाची चूक 31 मीटर येत होती, तो ओढ्यावरचाच निघाला. तो काढल्यावर बाकीचे 6 मीटरच्या आत. फॉल्स कलरमध्ये नदीकडचे 48 पिक्सेल वेगळे दिसतात, म्हणजे दीड नाही, सव्वा एकराच्या आसपास.

गुंठा_गुंठा
48 मध्ये कडेचे किती धरलेत? नदीला लागून असलेली ओळ निम्मी पाण्याची असेल. ती वेगळी मोजून 'इतके ते इतके गुंठे' असं लिहा, अर्जात एकच आकडा टाकू नका.